दोघांपुरती गाडी

गुहागरात दोन माणसांची गाडी टिकणे अवघड आहे. रस्त्यामुळे नव्हे, रस्त्याचे पुढे बघू. अडचण माणसांची आहे. खालच्या पाटातून गाडी बाहेर काढली की शृंगारतळीला पोचेपर्यंत दोन-चार ठिकाणी कुणीतरी हात करतोच. एकाला तळीच्या बाजारात जायचे असते, एकाला बँकेत, आणि तिसऱ्याला कुठेच जायचे नसते, पण गाडी आलीच आहे तर म्हणून तो बसतो. अशा गावात चालकाच्या शेजारी एकच माणूस मावेल अशी गाडी बाळगणे म्हणजे अख्ख्या वाडीशी अबोला धरणे. "जागा नाही हो" हे कारण म्हणून आमच्याकडे चालत नाही. एसटीत कधी जागा होती? तरी माणसे चिपळूणला पोचलीच ना.

हे सगळे ठाऊक असूनही सध्या माझ्या डोक्यात अशीच एक गाडी मुक्काम ठोकून आहे. शेवरले कॉर्व्हेट, साल १९६३. मिशिगनमधल्या पुतण्याने जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा मेळाव्यात काढलेले तिचे फोटो पाठवले. गाडी त्याची नव्हे. त्याची आपली दूध-भाजी आणणारी, चार दरवाजांची सोज्वळ गाडी आहे. फोटोंखाली त्याने "काका, बघा" एवढेच लिहिले होते. मी झोपाळ्यावर बसून, दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिलो. लांब नाक, आखूड पाठ, चाकांवर उचललेल्या धारदार वळणदार कडा, आणि उभी असतानाच निघाल्यासारखा भाव.

शेजारचे आप्पा सुपाऱ्या वाळत घालायचे सोडून आले, फोटो बघितला आणि म्हणाले, "उपयोग काय हिचा?"

कोकणात प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याला माड जबाबदार आहे. माडाने झापापासून करवंटीपर्यंत, काथ्यापासून खराट्यापर्यंत प्रत्येक अवयवाचे उत्तर तयार ठेवले आहे. इतका चोख जमाखर्च देणारे झाड अंगणात उभे असले की मग बाकीच्या सृष्टीकडूनही माणूस तशीच अपेक्षा करतो. माझ्याजवळ उत्तर नव्हते. नंतर थोडे वाचले तेव्हा कळले, की ज्यांनी ती बनवली त्यांच्याजवळही सुरुवातीला नव्हते.

१७ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने ही गाडी प्रथम लोकांपुढे मांडली. रूप हार्ली अर्लचे. गाडी उभी असताना कशी दिसते यावर ज्याने उभे आयुष्य घातले, असा हा माणूस. लोक खूष झाले, आणि ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट गावी पहिली विकायची गाडी तयार होऊन बाहेर आली. त्या वर्षी एकूण ३०० झाल्या. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. निवडीची कटकटच नाही. पुढचे झाकण उघडले की मात्र उत्साह ओसरायचा. आत होते रोजच्या कुटुंबवत्सल शेवरलेचेच सहा सिलिंडरचे इंजिन, जरा कसून घेतलेले, १५० अश्वशक्तीचे. त्याला जोडलेला आपोआप बदलणारा गिअर, त्यात वेग दोनच. उभ्या गाडीने ताशी ९६ किलोमीटर गाठायला अकरा सेकंदांच्या आसपास लागत. तिच्या दाराला बाहेरून मूठच नव्हती. आमच्या बेड्यासारखा आत हात घालून कडी काढायची. खिडक्यांना वर-खाली होणाऱ्या काचा नव्हत्या, पाऊस आला की बाजूचे पडदे लावायचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावाला हे सांगायची सोय नाही. सांगितले, तर आप्पा म्हणाले, "म्हणजे मिरगाला झाकून ठेवायची आणि दसऱ्याला काढायची. देवाच्या पालखीचं तरी वर्षातून दोनदा काम निघतं."

अमेरिकन गिऱ्हाइकाचेही मत आप्पांहून फार वेगळे नव्हते. १९५४ साली ३,६४० गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याच विकल्याविना उभ्या राहिल्या. १९५५ साली कारखान्याने सातशेच बनवल्या. त्याच वर्षी फोर्डने थंडरबर्ड नावाची दोन माणसांची गाडी काढली आणि ती सोळा हजारांवर गेली. हिशेबी कंपनीने इथे गाशा गुंडाळायला हवा होता. पण आता माघार घेतली तर फोर्ड हसेल, ही बोच मोठी होती, आणि कॉर्व्हेट वाचली. हे वाचून मला एकदम त्या कंपनीविषयी आपुलकी वाटली. भावकीतला समोरचा हसेल म्हणून चालू ठेवलेल्या गोष्टी आमच्या तालुक्यात काही थोड्या नाहीत. बांधाच्या दाव्यातून जमीन किती मिळाली हे कोण विचारतो; दावा चालू आहे ना?

मला तिच्यात सर्वांत जवळची वाटली ती तिची काया. ती पत्र्याची नाही, फायबरची आहे. पत्रा ठोकून आकार द्यायचा तर पोलादाचे अवजड साचे लागतात, त्यांना वेळ आणि पैसा दोन्ही फार, आणि शे-दोनशे गाड्यांसाठी तो खर्च भरून निघत नाही. म्हणून काचेचे तंतू आणि रेझिन यांचे थर साच्यात बसवून अंग घडवायचे ठरले. पुढे पोलादाची करू असा बेत होता, तो राहूनच गेला. आजतागायत कॉर्व्हेटच्या बाह्यांगाला पोलाद लागलेले नाही, अर्थात पहिल्या फायबरपासून आताच्या मिश्र पदार्थांपर्यंत त्या कलेने बराच पल्ला गाठला आहे. पहिल्या गाड्यांचे काम बरेचसे हाताचे होते. सांधे जुळायचे नाहीत, कडा तासाव्या लागायच्या.

आता ही कला शिकायला गुहागरच्या माणसाने अमेरिकेला जायची गरज नाही. असगोलीच्या किनाऱ्यावर गेलात तर ओढून ठेवलेल्या होड्यांत फायबरच्या होड्या दिसतील. काचतंतूची मॅट, त्यावर रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. खडकावर घासून भोक पडले की घासून, पुसून, वर तेच थर देऊन होडी परत पाण्यात. तिथल्या एका तांडेलाला मी फोटो दाखवला. कॉर्व्हेट हे नावही मुळात एका छोट्या लढाऊ जहाजाचे, हेही सांगितले. त्याने फोटोतल्या गाडीच्या कडेवरून नखाने रेघ ओढत बघितले आणि साचा चांगला काढलाय म्हणाला. ती दाद खरी होती. उलट्या साच्यातून असे वळण सुटते काढणे म्हणजे काय, हे त्याला आप्पांपेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळते. मग त्याने विचारले, "पाण्यात घातली तर?"

"खालून उघडी आहे."

"मंग काय उपेग!"

आप्पा आणि तांडेल एरवी कुठल्याच प्रश्नावर एकमताचे नसतात.

एक फायदा मात्र मी दोघांनाही ऐकवला. खाऱ्या वाऱ्यात आमच्याकडे लोखंड टिकत नाही. नव्या फाटकाला दुसऱ्या पावसाळ्यात तांबडे फुटते, स्कूटरचा पत्रा खालून विरतो. फायबरला गंज नाही, तेव्हा ही गाडी समुद्राकाठच्या माणसासाठीच केली असली पाहिजे. पुतण्याने फोनवर माझा हा सिद्धान्तही मोडीत काढला. १९६३ च्या गाडीत फायबरच्या आत, पुढच्या काचेभोवती आणि दारांच्या खांबांशी, पोलादी सांगाडा आहे, आणि जुनी गाडी घेणारे शौकीन सर्वांत जास्त धास्ती घेतात ती तो आतून सडल्याची. वरून मात्र काही दिसत नाही. चकचकीत रंग, निष्कलंक अंग आणि आत हाडांचा भुगा. गुहागरात ठेवली तर दहा वर्षांनी नुसते कवच उरेल. तांडेलाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा खुलला. नुसते कवच मिळाले तर तो घेईल म्हणाला, खालून बंद करून.

शेवरले हे नाव महाराष्ट्राला तसे नवे नव्हे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायचा कारखाना काढला होता. आपली एसटी १९४८ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात बेडफर्ड, फोर्ड, लेलँड अशा नाना कुळांच्या गाड्यांबरोबर शेवरलेही होत्या. म्हणजे ज्या घराण्याने पुढे ही दोघांपुरती अप्सरा जन्माला घातली, त्याच घराण्याच्या गाडीत आपली माणसे पिशव्या, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन दाटीवाटीने बसत होती. कॉर्व्हेट तिकडे जन्मली आणि १९५४ साली कंपनीने शिवडीचे दुकान बंद केले. नियती कधीकधी अशी थोडक्यात वाचवते. कोणाला, ते मी सांगू शकत नाही.

गाडीत खरा जीव आला तो झोरा आर्कुस-डुंटोव्ह या माणसामुळे. रशियन आईबापांच्या पोटी ब्रसेल्सला जन्मलेला, बर्लिनला शिकलेला, महायुद्धात युरोपातून निसटून अमेरिकेत आलेला हा इंजिनिअर. न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनात त्याने कॉर्व्हेट पाहिली आणि तो रूपावर भाळला. आत काय आहे ते कळले तेव्हा हळहळला, आणि त्याच वर्षी शेवरलेत नोकरीला लागला. आपल्याकडे एखादी गोष्ट सुंदर पण कुचकामी निघाली, की आपण चारचौघांत तिची चेष्टा करून मोकळे होतो. या गृहस्थाने तिच्यासाठी पुढची बावीस वर्षे घातली. १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरचे इंजिन मिळाले. १९५७ मध्ये इंधन फवारून आत सोडणारी यंत्रणा आली आणि २८३ घन इंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती निघाली. घन इंचाला एक घोडा, असा सरळ भाव. १९६३ मध्ये सर्वांत तगडे इंजिन ३६० घोड्यांवर गेले. चेहरा आधी आला आणि लायकी दहा वर्षे मागून धावत येऊन त्याला गाठती झाली. असा क्रम मी माणसांत फारसा पाहिलेला नाही. तिथे बहुधा दहा वर्षांत चेहरा उतरून लायकीला गाठतो.

आणि मग भांडण. त्याशिवाय कुठलीही चांगली गोष्ट पुरी होत नाही. १९६३ च्या गाडीचे रूप बिल मिशेलच्या हाताखाली ठरले. लॅरी शिनोडासारखे रेखाटणारे त्यात होते. मिशेलने छपरापासून शेपटीपर्यंत एक कणा ओढला आणि तो मागच्या काचेच्या बरोबर मधून नेला, त्यामुळे काचेची दोन भिंगे झाली. दिसायला अपूर्व. डुंटोव्हचे म्हणणे, मागचे काही दिसत नाही. मिशेलचे म्हणणे, कणा काढलात तर गाडीत राहिले काय. एक चालवणारा, एक बघणारा, दोघेही बरोबर. १९६३ ला मिशेल जिंकला, १९६४ ला डुंटोव्ह, आणि काच एकसंध झाली. तेव्हा काही मालकांनी आपली वर्षभराची गाडी जुनाट दिसू नये म्हणून मधला कणा कापून नवी काच बसवून घेतली. आज त्या साडेदहा हजारांच्या आसपास निघालेल्या दुभंग काचेच्या गाड्यांना संग्राहक भरपूर पैसे मोजतात. कापणाऱ्यांच्या घरी त्या विषयावर काय बोलणे होत असेल, याची मी कल्पना करू शकतो. आमच्या घरी पितळेची समई मोडीत दिल्याचा विषय अजून निघतो.

मिशेलची एक गोष्ट मात्र मी आप्पांना न सांगता थेट असगोलीत नेली. याला खोल समुद्रातल्या मासेमारीचा नाद. त्याने एक माको शार्क पकडून भिंतीवर लावला होता, आणि १९६१ साली कॉर्व्हेटचा एक नमुना त्याच रंगात करायला सांगितला: पाठीवर गडद निळा, खाली उतरत उतरत पोटाशी पांढरट. गाडीचे नावही माको शार्क. आता सांगतात ते असे, की रंगाऱ्यांनी पुन्हा पुन्हा रंग लावून पाहिला, साहेबाला पटेना. शेवटी त्यांनी साहेब नसताना तो मासाच उचलून आणला, गाडीसारखा रंगवला आणि परत टांगला. साहेब म्हणाला, आता जुळले. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण मुशी हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला रंगाऱ्यांची अडचण लगेच कळते. तो निळा-करडा रंग ओला असेपर्यंतच असतो. टोपलीत पडून तासभर झाला की मासा वेगळाच दिसतो. तांडेलाने गोष्ट ऐकून घेतली आणि गंभीरपणे म्हणाला, "मासाच रंगवाचा. ता सोपा." त्याला विनोद कळला नाही असे मला आधी वाटले. नंतर वाटले, विनोद नव्हताच.

राहता राहिला तिचा वेग. तो गुहागरात कुठे खर्च करायचा? कागदावर आमचे गाव राष्ट्रीय महामार्गाचे टोक आहे. १६६ई हा मार्ग गुहागरातून निघून चिपळूण, कराड, जत असा विजापूरपर्यंत जातो. समुद्राला पाठ लावून उभे राहिले तर पुढे सगळा देश मोकळा आहे. प्रत्यक्षात पुढे एक म्हैस असते. ३६० घोड्यांची गाडी म्हशीमागे चालवण्यात जो मनोनिग्रह लागतो, त्याचा डुंटोव्हने विचार केला नसावा. शिवाय हिचे पोट रस्त्यापासून वीतभरही उंच नाही. आमच्याकडचे गतिरोधक ज्याने त्याने आपापल्या घरासमोर, आपापल्या अंदाजाने घातलेले. त्यातल्या पहिल्यावरच ती अडकून राहील, पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे, आणि मग ढकलायला तीच माणसे येतील ज्यांना जागा नाही म्हणून सोडले होते.

एका गोष्टीवर मात्र आमच्या गॅरेजवाल्याचा विश्वास बसेना. १९६३ पासून हिची मागची दोन चाके एकमेकांचा मुलाहिजा न ठेवता वेगवेगळी वर-खाली होतात, तेव्हाच्या अमेरिकन गाडीत ही फार पुढची रचना. आणि त्या पुढारलेल्या रचनेखाली तोलायला काय, तर पाटा. टेम्पोला असतो तोच, फक्त उभा न लावता एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे आडवा टाकलेला. "पाटा? एवढ्या गाडीला पाटा?" जगाने नाके मुरडली तरी कॉर्व्हेटने हा आडवा पाटा २०१९ पर्यंत सोडला नाही. १९८१ मध्ये तर तोही फायबरचा केला. अठरा-एकोणीस किलोच्या पोलादी पाट्याचे काम चार किलोच्या आतल्या पट्टीवर आले. गॅरेजवाला बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने तो प्रश्न विचारला, जो मी टाळत होतो: "अॅव्हरेज काय देते?"

लिटरला पाच-सहा किलोमीटर.

अमेरिकन ताकदीचा एक मोठा नमुना गुहागर तालुक्याने अंगणातच पाहिलेला आहे. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीचा प्रकल्प खाडीच्या अलीकडे, आमच्याच अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला उभा राहिला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला, दोन वर्षांत थांबला, आणि २००१ च्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. टर्बाइन नामांकित होती, ताकदीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वाद झाला तो नॅफ्थ्यावर चालणाऱ्या त्या यंत्राची वीज युनिटला केवढ्याला पडते यावर. तेव्हापासून या तालुक्यात कुणी घोडे मोजायला लागला की लोक आधी चंदी विचारतात.

अशा दृष्टीने गोव्याचा प्रयोग शहाणपणाचा म्हणायचा. तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी निघाली होती, रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन, साठेक घोडे. पण माझ्यासारख्या झोपाळ्यावरच्या शौकिनाला शहाणपणाची गाडी काय करायची? स्वप्नात पेट्रोल फुकट असते.

अमेरिकेत या गाडीचे संग्रहालय आहे, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला, कारखान्याच्या जवळच. डुंटोव्ह १९९६ मध्ये गेला. त्याच्या अस्थी तिथेच ठेवल्या आहेत. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे या संग्रहालयाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट त्या विवरात गेल्या. तो भाग चुनखडकाचा, आतून पोकळ. तिघींची नीट दुरुस्ती झाली, पाच तशाच चेपलेल्या अवस्थेत ठेवल्या आहेत. आप्पांना ही बातमी मनापासून आवडली. "जांभ्यावर बांधायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी त्या गाडीच्या संदर्भात केलेली ही पहिली विधायक सूचना.

दुसरी सूचना त्यांनी काल केली, आणि ती ऐकून मी अजून सावरलेलो नाही. झाले असे, की १९६३ च्या गाडीला मागे डिकीचे झाकणच नाही, सामान आसनांच्या मागून आत ढकलावे लागते, हे कळल्यावर त्यांनी तिला कायमची बाद केली होती. आंब्याची पेटी त्या वाटेने जायची नाही. मग मी त्यांना २०२० ची नवी पिढी दाखवली. डुंटोव्हची जन्माची इच्छा त्यात पुरी झाली आहे: इंजिन माणसाच्या पुढून काढून पाठीमागे बसवले आहे, ६.२ लिटरचे, ४९५ घोड्यांचे. कारखान्यातूनच उजव्या बाजूचे स्टिअरिंग असलेली कॉर्व्हेटही पहिल्यांदा याच पिढीत निघाली. पुढे एक छोटा कप्पा आहे, आणि इंजिनाच्याही मागे दुसरा, बऱ्यापैकी मोठा. फक्त इंजिनाला लागून असल्यामुळे मागचा कप्पा तापतो, अशी तिथल्या मालकांची कुरकुर आहे.

आप्पा सुपारी कातरायचे थांबले.

"किती तापतो?"

"कोमट असावा. का?"

"बंद आहे ना सगळीकडून? वारा लागत नाही ना?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गवत घालायचं खाली. तयार फळ इथे भरायचं, कुंभार्ली चढायची, कराडला चहा घ्यायचा. पुण्याला उघडाल तेव्हा आढी लागलेली असेल. कार्बाइड नाही, काही नाही." मग थोडा वेळ हिशेब करून, "पेट्या किती बसतील तेवढं पुतण्याला विचारा. आणि शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे?"

मी म्हटले, अजून ठरले नाही.

"मग तिथे एक ठेवता येईल," आप्पा म्हणाले.